डीव्हीडीची फाईल केली आणि चित्र बिघडलं? आधी ते थांबवून बघा

झोपाळ्यावर बसलेली माझी भाची, वय वर्षं चार. घरच्या कॅमेऱ्यावर घेतलेलं ते चित्रण नंतर डीव्हीडीवर उतरवलं होतं आणि प्लेअरवर लावलं की छान स्वच्छ दिसायचं. डिस्क किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून मी त्याची फाईल केली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि टीव्हीला लावली. झोपाळा पुढे आला आणि तिच्या हातांच्या, फ्रॉकच्या, साखळीच्या कडांना आडव्या बारीक रेघा फुटल्या. अगदी फणीचे दात असावेत तशा. झोपाळा वर टोकाला जाऊन क्षणभर थबकला की रेघा गायब. खाली यायला लागला की पुन्हा हजर.

मी बिटरेट वाढवला, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला फाईलमध्ये जास्त जागा दिली. फाईल दुप्पट मोठी झाली आणि रेघा होत्या तिथेच राहिल्या. उलट आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागल्या. मग कोडेक, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याची पद्धत, बदलला, तरी तेच. यात दोन संध्याकाळी गेल्या. मुळात दोष कॉम्प्रेशनचा, म्हणजे त्या दाबण्याचा, नव्हताच, त्यामुळे कॉम्प्रेशनचं कुठलंही बटण फिरवून तो जाणार नव्हता.

डीव्हीडीची फाईल करताना चित्र खराब आलं की हात पहिल्यांदा बिटरेटकडेच जातो. पण या कामातले बरेचसे दोष बिट कमी पडल्यामुळे येत नाहीत. मूळ चित्र कोणत्या प्रकारचं आहे हे सॉफ्टवेअरला नीट कळत नाही, किंवा कळूनही त्याचं काय करायचं ते आपण सांगितलेलं नसतं, म्हणून येतात. प्रत्येक दोषाचा चेहरा वेगळा असतो. तो ओळखता आला की उपाय बहुतेक वेळा एखाद्या सेटिंगवर येऊन थांबतो. आणि ओळखायचा तर चित्र थांबवावं लागतं.

थांबवायचं म्हणजे कसं

चालत्या चित्रात ‘काहीतरी बरं दिसत नाही’ एवढंच कळतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाईल लावा, जोराची हालचाल असलेला प्रसंग शोधा आणि कीबोर्डवरचं इंग्रजी ‘ई’ दाबत राहा. दर वेळी चित्र एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकतं. हालचाल आडवी असली तर उत्तम: धावणारं मूल, बाजूला वळणारा कॅमेरा, जाणारी गाडी. दुसरा प्रसंग अंधाराचा घ्या. तिसरा असा, ज्यात एखादी हमखास गोल वस्तू आहे. चाक, भिंतीवरचं घड्याळ, काहीही. या तीन ठिकाणी मिळून बहुतेक सगळे दोष सापडतात.

मग तीच फ्रेम मूळ डिस्कवर काढून शेजारी ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. जो दोष डिस्कवरच आहे, तो फाईल करताना आला असं समजून सेटिंगं बदलत बसण्यात काही हाती लागत नाही. तुलना करताना प्लेअरचं डीइंटरलेस (अशा आडव्या रेघा काढून टाकणारी सोय) बंद करा. व्हीएलसी गरज वाटली की आपणहून चित्र सुधारून दाखवतो, आणि त्या सुधारलेल्या चित्राखाली खरं चित्र लपून जातं.

आणखी एक सवय लावून घ्या. डिस्कवरून थेट कॉम्प्रेस करू नका. आधी डिस्क जशीच्या तशी संगणकावर उतरवा. व्हिडिओ_टीएस हा फोल्डर पूर्ण कॉपी केला तरी चालतं. मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर चित्राला हात न लावता ते नुसतं नव्या डब्यात भरून देतं, तेही चालतं. यात गुणवत्ता तसूभरही कमी होत नाही, कारण इथे कॉम्प्रेशन होतच नाही. पुढचे सगळे प्रयोग या प्रतीवर करा, डिस्कला विश्रांती द्या. विकतच्या चित्रपटांच्या डिस्कना बहुधा कॉपी-संरक्षण असतं आणि ते ओलांडण्याबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. मी इथे घरच्या, संरक्षण नसलेल्या डिस्कांबद्दल बोलते आहे. दोष मात्र दोन्हीकडे तेच.

डिस्कवर नेमकं काय असतं

डीव्हीडी हीच मुळात कॉम्प्रेस केलेली वस्तू आहे, हे लक्षात घेतलं की अपेक्षा जाग्यावर येतात. पाल पद्धतीच्या (भारतातल्या टीव्हीची पद्धत हीच) डीव्हीडीवरची एक फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची असते आणि सेकंदाला अशा २५ फ्रेम येतात. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीमध्ये फ्रेम ७२० बाय ४८० ची आणि वेग सेकंदाला २९.९७. पालचं चित्र काहीही कॉम्प्रेशन न करता साठवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट लागतील. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये दोन तासांचा कार्यक्रम बसवायचा असेल तर आवाजासकट सेकंदाला सव्वापाच मेगाबिटच्या आसपासच मिळतात. म्हणजे डिस्कवर आलेलं चित्र आधीच वीस-पंचवीस पटींनी दाबलेलं आहे, तेही एमपेग-२ या नव्वदच्या दशकातल्या तंत्राने. आपण त्यातून नवी फाईल करतो तेव्हा छायाप्रतीची छायाप्रत काढत असतो.

रंगांचं तर आणखी कमी. उजेड-अंधाराची माहिती ७२० बाय ५७६ असते, पण रंगांची माहिती फक्त ३६० बाय २८८. माणसाचा डोळा रंगातले बारकावे कमी टिपतो, म्हणून ही काटकसर सहसा खपून जाते. गडद लाल कपड्याची कड मात्र जवळून पाहिली तर खडबडीत, विसविशीत दिसते. तशी ती डिस्कवरही दिसत असेल तर तो तुमचा दोष नाही आणि कुठल्याही सेटिंगने ती धारदार होणार नाही.

फणीचे दात

आता त्या रेघांकडे येऊ. या कामात सगळ्यात जास्त छळणारा दोष हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याबद्दलच.

जुने टीव्ही एक फ्रेम एका दमात रंगवत नसत. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी, मग २, ४, ६ अशा सम ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. घरचे जुने व्हिडिओ कॅमेरे चित्रही तसंच टिपत: सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. विषम ओळींत झोपाळा जिथे होता तिथून तो सम ओळी टिपेपर्यंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा पुढे सरकलेला असतो. डीव्हीडीवर ही दोन फील्ड एकमेकांत गुंफून एक फ्रेम म्हणून ठेवलेली असतात. फ्रेम थांबवलीत की एकाच चित्रात दोन क्षण दिसतात, एक आड एक ओळीत. जिथे काही हललेलं नाही तिथे दोन्ही क्षण सारखेच, म्हणून चित्र स्वच्छ. जिथे हललं आहे तिथे दात. माझ्या भाचीचा झोपाळा टोकाला थबकल्यावर रेघा का जात होत्या, त्याचं उत्तर हे.

मग डीव्हीडी लावल्यावर दात का दिसत नव्हते? कारण हे चित्र गुंफलेलं, म्हणजे इंटरलेस आहे, अशी खूण डिस्कवर असते. ती वाचून प्लेअर किंवा टीव्ही फील्ड सुटी करून दाखवतो. आपण फाईल करताना ती गुंफण तशीच ठेवून नवं कॉम्प्रेशन केलं की फाईलवर ‘हे साधं, सलग चित्र आहे’ अशी नोंद होते. टीव्ही त्या नोंदीवर विश्वास ठेवतो आणि दातांसकट चित्र समोर मांडतो. एन्कोडरच्या, म्हणजे कॉम्प्रेशन करणाऱ्या भागाच्या, दृष्टीने ते दात म्हणजे चित्रातले बारकावेच. बिटरेट वाढवला की तो ते अधिक इमानाने जपतो. माझ्या फाईलमधल्या रेघा ठसठशीत झाल्या त्या यामुळे.

उपाय म्हणजे फाईल करतानाच डीइंटरलेस करणं. हँडब्रेक या फाईल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरच्या पानावर हे सापडतं. यादिफ, बीडब्ल्यूडिफ, डीकोंब अशी तिथली नावं आहेत. यांपैकी डीकोंब जिथे दात दिसतील त्याच फ्रेमवर काम करतो आणि बाकीच्या फ्रेमना हात लावत नाही, त्यामुळे सरमिसळ चित्रणाला तो बरा.

इथे एक निवड करावी लागते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. साध्या पद्धतीत दोन फील्डपासून एक फ्रेम बनते, म्हणजे ५० क्षणांतले २५ च उरतात. दात जातात, पण हालचालीतला मऊपणाही जातो. ‘बॉब’ नावाच्या पद्धतीत प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम होते आणि सेकंदाला पूर्ण ५० फ्रेम मिळतात. घरगुती चित्रण, खेळ, नाच, रंगमंचावरचे कार्यक्रम यांच्यासाठी मी नेहमी बॉबच वापरते. झोपाळा जसा खऱ्या आयुष्यात वाहत जातो तसा पडद्यावर जातो. २५ फ्रेममध्ये तोच झोपाळा ठेचकाळत जातो, आणि ही गोष्ट एकदा नजरेला जाणवली की मग सोडवत नाही. फाईल थोडी मोठी होते, ती होऊ द्यावी. फक्त तयार फाईलचा फ्रेमदर खरोखर ५० झाला आहे का हे फाईलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये तपासा, कारण दुसऱ्या कुठल्या सेटिंगमुळे तो २५ वर अडवला गेला तर सगळी मेहनत वाया. फारच मोलाचं चित्रण असेल आणि संगणक रात्रभर चालू ठेवायची तयारी असेल, तर क्यूटीजीएमसी नावाची पद्धत यापेक्षा कितीतरी सफाईदार काम करते. ती वापरायला सहसा स्क्रिप्ट लिहावी लागते, हीच तिची अडचण.

बॉब केल्यावर हालचाल एक पाऊल मागे, दोन पावलं पुढे अशी थरथरत चालली असेल तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. कोणतं फील्ड आधी दाखवायचं, वरचं की खालचं, हेही सांगावं लागतं. डीव्ही टेपवाल्या कॅमेऱ्यांत खालचं फील्ड आधी असतं. पुष्कळ डीव्हीडींत वरचं आधी असतं. टेपवरून डिस्क बनवताना कुणी ही नोंद चुकीची केली असेल तर सॉफ्टवेअर त्या चुकीवरच विसंबतं. क्रम हाताने उलटा करून एक मिनिटाचा तुकडा काढून बघा, लगेच कळतं.

चित्रपटाची एनटीएससी डीव्हीडी हे वेगळं प्रकरण. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, डिस्क २९.९७ ची. हा मेळ बसवण्यासाठी एका फ्रेमची तीन फील्ड, पुढच्या फ्रेमची दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन अशी वाटणी करतात. अशी डिस्क एकेक फ्रेम पुढे सरकवलीत तर तीन फ्रेम स्वच्छ, दोन दातांच्या, पुन्हा तीन स्वच्छ असा ठेका दिसतो. हा ठेका दिसला की डीइंटरलेस करू नका. डीटेलिसिन नावाचा फिल्टर लावा. तो विखुरलेली फील्ड मूळ जोड्यांत परत बसवतो आणि २३.९७६ फ्रेमचा मूळ चित्रपट हाती देतो. अशा डिस्कवर नुसतं डीइंटरलेस केलं तर दात जातील, पण कॅमेरा संथ वळताना चित्र दर काही फ्रेमनी अडखळेल.

कधी दात नसतात, पण थांबवलेल्या फ्रेममध्ये हलणाऱ्या माणसाची एक फिकट सावली शेजारी दिसते. डिस्क बनवतानाच कुणीतरी एका पद्धतीचं चित्र दुसऱ्या पद्धतीत बदलताना दोन क्षण एकमेकांत मिसळलेले असतात. ते मिसळलेलं दूध-पाणी नेहमीच्या साधनांनी वेगळं होत नाही. मूळ टेप शोधणं हाच त्यावरचा खरा मार्ग. आणि तुमच्याच हातून असं होऊ नये म्हणून एक नियम: चित्राची उंची कमी-जास्त करायची असेल तर आधी डीइंटरलेस, मग आकार. क्रम उलटला तर सम-विषम ओळी एकमेकांत विरघळतात आणि पुढे कुठलाही फिल्टर त्यांना सुटं करू शकत नाही.

घड्याळ गोल आहे ना?

हा दोष लवकर आटपतो. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. ७२० बाय ५७६ च्या त्याच साच्यात ४:३ चं चित्रही ठेवतात आणि १६:९ चं रुंद चित्रही, नंतर दाखवताना ताणायचं या बोलीवर. ती ताणण्याची सूचना फाईलमध्ये आली नाही की चेहरे लांबट होतात किंवा पसरतात. गोल वस्तू थांबवून मोजा. चौरस पिक्सेलमध्ये पालचं ४:३ चित्र ७६८ बाय ५७६ आणि १६:९ चित्र १०२४ बाय ५७६ असं दिसायला हवं. एनटीएससीसाठी हेच आकडे ६४० बाय ४८० आणि ८५४ बाय ४८०. हँडब्रेकमध्ये अॅनामॉर्फिक, म्हणजे हीच ताणण्याची सूचना, ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं की सहसा निभावतं. एखादा जुना प्लेअर किंवा टीव्ही ती सूचना मानतच नसेल तर अॅनामॉर्फिक बंद करून वरच्या आकारात पक्कं ताणून ठेवा. काळ्या पट्ट्या आपोआप कापण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोडताना एक नजर टाका. अंधाऱ्या चित्रपटात ते कधी कधी खऱ्या चित्रालाही पट्टी समजून कापतं.

चौकड्या, पायऱ्या आणि अंधार

आता खरोखर कॉम्प्रेशनचे दोष. चित्र थांबवल्यावर गालावर, आकाशात, भिंतीवर लहान चौकोन दिसतात, पाण्यावर किंवा पानांच्या सळसळीत सगळं चिकटून गोळा होतं, अक्षरांच्या कडांभोवती मुंग्या वळवळतात. एन्कोडर चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाचं वेगळं गणित मांडतो. बिट कमी पडले की तो शेजारशेजारच्या तुकड्यांतले बारकावे टाकून देतो आणि तुकड्यांची शिवण उघडी पडते.

याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फाईलचा आकार आधी ठरवणं. ७०० एमबीच्या सीडीत एक सिनेमा मावला पाहिजे, ही सवय त्या काळातली. दीड तासाच्या चित्रपटाला त्यात आवाजासकट सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट मिळतो. शांत संवादाला तो पुरतो, पाऊस आला की पुरत नाही. आज साठवणुकीची तशी टंचाई नाही, म्हणून आकाराऐवजी गुणवत्ता ठरवा. एक्स२६४ एन्कोडरमध्ये याला सीआरएफ म्हणतात, हँडब्रेकमध्ये आरएफ. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. सोप्या प्रसंगाला एन्कोडर कमी बिट देतो, अवघड प्रसंगाला जास्त. डीव्हीडीसाठी हँडब्रेकची स्वतःची शिफारस १८ ते २२ ची आहे. मी १९ पासून सुरुवात करते. आकडा ६ ने वाढवला तर फाईल ढोबळ मानाने अर्धी होते आणि ६ ने घटवला तर दुप्पट, हे लक्षात ठेवलं की अंदाज बांधता येतो. १६ च्या खाली जाऊन सहसा काही मिळत नाही. तिथून पुढे तुम्ही एमपेग-२ च्या जुन्या चौकड्या जपण्यात बिट घालवता.

आणि त्या जुन्या चौकड्या असतातच. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरवर एका डिस्कमध्ये चार-सहा तास कोंबले असतील तर रेकॉर्डरने तेव्हाच चित्राची रुंदी ३५२ पिक्सेलपर्यंत उतरवलेली असू शकते. मीडियाइन्फो हे क्षणात सांगतं. अशा डिस्कवरून ७२० ची फाईल केली तरी तपशील ३५२ चाच राहणार.

अंधाराचं दुखणं जरा निराळं आहे. काळोख्या खोलीत चौकड्या पोहताना दिसतात, किंवा संध्याकाळच्या आकाशात गडद ते फिकट असा सलग उतार असायला हवा तिथे पायऱ्या पडतात. अंधारात शेजारच्या छटांमधला फरक इतका थोडा असतो की एन्कोडरला तो टाकण्यासारखा वाटतो. पडद्याचा उजेड वाढवलेला असला की मात्र तोच फरक डोळ्यात येतो. पहिला उपाय पडद्याचा: ब्राइटनेस नीट लावा, टीव्हीचं ‘डायनॅमिक’ चित्र बंद करा आणि मग बघा. तरी राहिलं तर सीआरएफ दोनाने कमी करा. पायऱ्यांसाठी एच.२६५ या नव्या कोडेकचं १० बिट एन्कोडिंग उपयोगी पडतं. त्यात छटांचं गणित अधिक बारीक होतं, त्यामुळे स्रोत ८ बिटचा असला तरी नव्या पायऱ्या कमी पडतात. फक्त ती फाईल तुमच्या टीव्हीवर चालते का, ते आधी बघून घ्या.

ग्राफिक्स कार्डातल्या एन्कोडरने काम झपाट्याने उरकतं आणि दहा डिस्क रांगेत असल्या की मोह होतो. पण तितक्याच आकाराच्या फाईलमध्ये तो सहसा एक्स२६४ च्या संथ प्रीसेटएवढं (तयार सेटिंगांच्या संचाएवढं) चित्र देत नाही. डीव्हीडीच्या फ्रेम लहान असतात, साध्या प्रोसेसरवरही ‘स्लो’ प्रीसेट सोसवतो. ज्या गोष्टी पुन्हा चित्रित होणार नाहीत त्यांच्यासाठी मी तरी घाई करणार नाही.

टेपवरून आलेलं चित्र

डीव्हीडीच्या आधी ते चित्रण व्हीएचएस टेपवर असेल तर त्यात एक बारीक खळबळ असते, सगळीकडे सतत बदलणारी. प्रेक्षक ती विसरून जातो. एन्कोडर विसरू शकत नाही. त्याचं सगळं कसब ‘मागच्या फ्रेमसारखंच इथे आहे’ हे ओळखण्यात असतं, आणि खळबळ कुठल्याच दोन फ्रेममध्ये सारखी नसते. त्यामुळे एकाच सीआरएफवर टेपवरच्या चित्राची फाईल स्वच्छ चित्राच्या कितीतरी पट मोठी होते. किंवा बिट बांधून दिले असतील तर खळबळ साठवण्यात ते संपतात आणि चेहऱ्यासाठी उरत नाहीत.

इथे ही खळबळ कमी करणारा हलकासा डीनॉइज फिल्टर खरंच मदत करतो. हँडब्रेकमधला एनएलमीन्स ‘लाइट’वर किंवा त्याहूनही खाली ठेवा. जोर वाढवला की कपाळावरच्या आठ्या जातात, केसांच्या बटा एकजीव होतात आणि माणसं मेणाची दिसायला लागतात. मला विचाराल तर आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांपेक्षा थोडी खळबळ परवडली. चित्राच्या अगदी तळाशी फाटल्यासारखी थरथरणारी पट्टी दिसते ती टेप वाचणाऱ्या यंत्राची देणगी आहे. तेवढ्या आठ-दहा ओळी क्रॉप करून टाका.

शार्पनचा फिल्टर लावू नका. टेपवरच्या कडांना आधीच पांढरी किनार असते, शार्पनने ती आणखी उजळते.

रंग उतरले किंवा काळं करडं झालं

डीव्हीडीत काळ्या रंगाची पातळी ० नसते, १६ असते आणि पांढऱ्याची २३५. कुठेतरी ही समज चुकली की दोनपैकी एक होतं. काळे केस करडे आणि सगळं चित्र धुक्यातलं दिसतं, किंवा सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडून जातो. फाईल दोन वेगळ्या प्लेअरमध्ये आणि दोन वेगळ्या पडद्यांवर लावून बघा. एकाच ठिकाणी बिघाड दिसत असेल तर तो फाईलचा नाही, त्या पडद्याच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या रेंजच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्यांच्या, सेटिंगचा आहे.

दुसरा प्रकार सूक्ष्म असतो. लाल किंचित नारिंगीकडे झुकतो, हिरवा काळपट होतो. डीव्हीडीच्या रंगांचं गणित बीटी.६०१ या मानकाचं, एचडीचं बीटी.७०९ चं. चित्र मोठं करून एचडी आकारात काढलं आणि गणित मात्र जुनंच राहिलं, तर आकार बघून अंदाज बांधणारा प्लेअर चुकीचं मानक लावतो. हा दोष टाळायचा सोपा मार्ग म्हणजे चित्र मोठं न करणं.

आणि चित्र मोठं करू नये याला तेवढंच कारण नाही. पालच्या फ्रेममध्ये ४,१४,७२० पिक्सेल असतात. फुल एचडीत त्याच्या बरोबर पाचपट, ४के मध्ये वीसपट. उरलेले पिक्सेल कुठून तरी कल्पनेने भरावे लागतात. ते काम टीव्ही दाखवताना करतोच. आपण फाईलमध्ये तेच केलं तर कल्पनेने भरलेले पिक्सेल साठवायला बिट लागतात आणि पुढे अधिक चांगलं तंत्र आलं तर खऱ्या चित्रावर ते वापरता येत नाही.

दोष डिस्क वाचतानाचा असेल तर

चित्र मध्येच गोठतं, हिरवे-गुलाबी ठोकळे उसळतात आणि अर्ध्या-पाऊण सेकंदात सगळं पूर्ववत होतं. हे कॉम्प्रेशन नव्हे. पालच्या डीव्हीडीत सहसा दर १५ फ्रेमच्या आत एक पूर्ण फ्रेम येते, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. डिस्कवर एक जागा वाचता आली नाही की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चूक चूकच पसरवत जाते. प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी घडत असेल तर डिस्क मऊ, स्वच्छ कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. ओरखडा ओळींच्या दिशेने पडला तर सलग माहिती जाते. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याला वाचता येते असं खूपदा होतं. डीडीरेस्क्यू हे साधन अडलेली जागा सोडून पुढे जातं, बाकी सगळं वाचून घेतं आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि तो थर ऊन-उष्णतेने खराब होतो. म्हणून ज्या डिस्कचं चित्रण दुसरीकडे कुठेच नाही, ती या आठवड्यातच उतरवून घ्या. सेटिंगं नंतर बघता येतील.

झोपाळ्याच्या त्या डिस्कसाठी मी शेवटी काय केलं ते सांगते. डिस्कची पूर्ण प्रत घेतली आणि ती दोन ठिकाणी ठेवली. झोपाळ्याचं एक मिनिट आणि रात्रीच्या अंगणातलं एक मिनिट, एवढेच तुकडे काढून प्रयोग केले, म्हणजे दर वेळी तासभर थांबावं लागलं नाही. बीडब्ल्यूडिफ बॉबवर ठेवला, फ्रेमदर ५०, आकार मूळचाच, एक्स२६४ चा स्लो प्रीसेट, आरएफ १९, डीनॉइज बंद. मग टीव्हीवर, जिथे ती फाईल बघितली जाणार होती तिथेच, नेहमीच्या अंतरावर बसून पाहिली. झोपाळा खाली येताना थांबवला. साखळीची एकेक कडी सुटी दिसत होती, आणि भाचीची मूठ साखळीवर घट्ट आवळलेली.